तिसऱ्या वळणाची माती

दिगू ज्या वळणावर गेला, त्याच वळणावरून येत्या रविवारी त्याची मुलगी रेस पळणार आहे.

आज दिगूला जाऊन चार वर्षं झाली.
सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय. लिहायला धीर होत नाही, आणि लिहिलं नाही तर रविवार येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. शेंद्र्याच्या पुढं माळावर बाइकची मातीतली रेस असते. डांबर नाही, सगळा मुरूम. पाच वळणं, दोन उड्या. यंदा गाड्या जास्त आहेत म्हणे.

आधी तो आमच्या मेंढ्यांचा माळ. मग तिथं शंकरपट भरायला लागला, बैलं सरळ पळायची.
ती सरळ वाट वाकवून ट्रॅक केला तो दिगूनं. गारखेड्यात त्याचं गॅरेज होतं. चुन्याची पिशवी घेऊन तो पुढं, मी मागं.

तिसऱ्या वळणाच्या जागी जनावरांच्या पाण्याचा खड्डा होता. मुरूम कमी पडला म्हणून तो आम्ही काळ्या मातीनं बुजवला.

धूळ बसावी म्हणून रेसच्या आधी टँकरनं पाणी मारतात. मग एक माणूस अख्खा ट्रॅक अनवाणी चालतो.
काळी माती वरून वाळलेली दिसते, खाली साबण असतो. ते टाचेलाच कळतं.

तो माणूस मी. मी हात वर केला की गाड्या सुटायच्या.

त्या वर्षी माझ्या पायात काटा मोडला होता. मी बूट घालून चाललो.

दिगू म्हणाला, "बूट घालून काय डोंबल कळतंय रं तुला?"
"वाळलंय सगळं. भरोसा नाय व्हय माझ्यावर?"
"भरोसा हाय म्हणून तर ठेवलाय. नायतर तुझ्यासारखं भित्रं माणूस कोण ठेवतंय?"

मी हात वर केला.

दुसऱ्या फेरीला तिसऱ्या वळणावर त्याची गाडी घसरली. मागची गाडी त्याच्यावरून गेली.

लोक म्हणाले, वय झालं तरी दिगूला वेग आवरला नाही.
मी गप्प बसलो.
तेराव्याला पंगतीत पुन्हा तेच निघालं. मीही मान डोलावली.

बायकोलाही आजपर्यंत सांगितलं नाही.

परवा सोनाली घरी आली. दिगूची मुलगी. गॅरेज आता तीच चालवते, हात बापासारखेच ऑइलनं काळे.

"काका, रविवारी ट्रॅक तुम्हीच चालायचा."
"माझ्यानं होत नाय आता. दुसरा बघ."
"दुसरा कशाला? पप्पा म्हणायचे, काकाचा हात वर गेला की डोळे झाकून गाडी काढायची."

चहा घे म्हणालो.

सोनाली, तू हे वाचशील.
तुझ्या बापाचा वेग रोजचाच होता. चूक माझी होती.

पळू नको म्हणायचा मला हक्क नाही, आणि तू ऐकणारही नाहीस. पण माझ्या हातावर गाडी काढू नको. ते वळण खोदून त्यात मुरूम भरून घे. आयोजकांशी भांड. नाही भरलं तर गाडी परत घेऊन ये.

दरवर्षी संध्याकाळी हार घेऊन तुमच्याकडं येतो. आज फाटकाबाहेरच थांबेन. तू आत बोलावलं नाहीस तर हार तिथंच ठेवून जाईन.

दिगू, माफी मागायला तोंड नाही.
जड मनानं तुला नमस्कार, गड्या.