भरावावरचा कोपरा

जवळ ये वं पोरी, अशी सरकून बस. कागदावर जेवढं जवळ बसता येतं तेवढी तरी बस. रागावणार नाही म्हणते, पण थोडी रागावतेच. गेल्या खेपेला तू मला कॉम्प्युटरवर तुमचा डोंगरउताराचा प्लॉट दाखवलास. हिरवागार उतार. त्यावर तू एक चौकोन आखलास, बटण दाबलंस, अन् चौकोनाखालची जमीन डोळ्यांदेखत सपाट झाली. वरची माती गेली कुठं अन् खालची आली कुठून, असं मी विचारलं तर म्हणालीस, "आजी, ते सॉफ्टवेअर बघून घेतं." वर हसलीस. माझी पोळी तव्यावर होती म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता ऐक.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं धर. तुझा बाप जन्मायचा होता. आम्ही नागपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, मी, तुझे आजोबा अन् सासूबाई. पाऊस आला की सासूबाईंच्या खाटेवर गळायचं, त्यांना दमा. तेवढ्यात मनीषनगरच्या बाजूला, तेव्हा तिकडे सगळी शेतंच, एक प्लॉट मिळाला. रस्त्याकडून मागच्या नाल्याकडे चांगलाच उतरत जाणारा. वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम, खालच्या अंगाला काळी माती.

घर बांधायचं काम आजोबांच्या मोठ्या भावानं हातात घेतलं. माझे भासरे. कळमेश्वरकडची शेती त्यांनी एकट्यानं उभी केलेली, त्यांचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही. अन् माझं तर त्यांच्याशी बोलणंच नव्हतं. भांडण नव्हतं गं, रीतच तशी. भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर, अन् काही सांगायचंच असेल तर दाराआडून सासूबाईंना सांगायचं, त्यांनी ऐकल्यासारखं करायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आमच्यात सरळ एक शब्द झालेला नव्हता.

आधी गवंडी आला उताराचं माप घ्यायला. पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी असते, दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर थांबतं. एक टोक त्याच्या हातात, दुसरं धरायला आजोबा हवे होते, पण ते हापिसात. मग मी धरलं. प्लॉटवर सोळा खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीपाशी जमीन ठरलेल्या सपाटीपासून किती वर किंवा किती खाली आहे ते मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, पण मला त्या कामाची गोडीच लागली.

मग भासऱ्यांनी ट्रॅक्टर आणला. वरची जमीन ओढून खालच्या अंगाला लोटली. दोन दिवसांत प्लॉट असा सपाट, की शेजारचे लोक बघायला आले. भासरे कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "वावर असं करून देतो मी, मंग पीक कसं उभं राहते ते पाहा. घराले काय होते?" आजोबा खूश. सोमवारी पाया खोदायचा, मृग लागायच्या आत जोतं वर काढायचं ठरलं.

गुरुवारी मी कॅलेंडर उघडून ती मापं पुन्हा बघत बसले. नाल्याकडच्या कोपऱ्यात जमीन तीन हात खाली होती. म्हणजे तिथं तीन हात नुसती टाकलेली माती. पाया ठरला होता दोन हात. तो पाया जुन्या जमिनीला शिवतच नव्हता. अन् त्या कोपऱ्यात खोली होती सासूबाईंची, नाल्याकडून वारा येतो म्हणून त्यांनी मागून घेतलेली.

माझ्या माहेरी असाच भरावावर गोठा बांधला होता. एका पावसात एक कोपरा बसला, भिंत आत आली, वासरू दबलं. ते काढताना मी उभी होते.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "दादानं पन्नास एकर सपाट केलं, अन् तू त्याले शिकवून राहिली?" गवंड्याला विचारलं. तो विडी विझवत म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. पाया मुरमापर्यंत न्या लागते. पण मालकाले मी सांगू? उद्या दुसरा गवंडी आणतीन ते."

मग मीच परात घेतली. मापाला एक हात म्हणजे एक बोट धरलं. झाडूच्या सोळा काड्या मोजून कापल्या, खुंट्या होत्या तशा रांगांत परातीत उभ्या केल्या, अन् काड्यांच्या टोकांपर्यंत मुरमाची माती थापली. ट्रॅक्टरनं पुसून टाकलेला उतार परातीत जसाच्या तसा परत आला. त्यावर चुलीतली राख भुरभुरली, म्हणजे जुनी जमीन कुठली ते पांढऱ्या रेघेनं दिसावं. मग सुरीनं वरचं कापलं अन् खालच्या अंगाला भरलं. सपाट. कोपऱ्यात दोन बोटं खोल कोळसा खोचला, तो पाया; त्यावर अर्धी वीट ठेवली, ती सासूबाईंची खोली. बेत असा की भासऱ्यांसमोर त्या कोपऱ्यावर पाणी ओतायचं, वीट कलेल, अन् मला तोंड उघडावं लागणार नाही.

रविवारी सकाळी भासरे आले. सासूबाईंनी परात त्यांच्यासमोर ठेवली. "हे पाय गा, तुह्या भावाच्या बायकोनं काय केलं."

"हे काय? भातुकली?"

"कोपऱ्यावर पाणी टाक म्हणते ते."

मी दाराआड उभी. भासऱ्यांनी तांब्या घेतला, ओतला. पाणी वरून वाहून गेलं. वीट हललीच नाही. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. वीट तशीच, ढिम्म.

भासरे मोठ्यानं हसले. "पाहा! आपला भराव पक्का हाय. तिनंच दाखवून देल्लं." आजोबाही हसले, अन् ते मला जास्त लागलं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून माती होती. अन् एकदम कळलं. जन्मभर चुली घातल्या या हातांनी. चूल घालताना माती एकदम टाकत नाहीत, थोडी घालायची, पाण्याचा हात फिरवायचा, थापायची, मग पुढची. परातीतला भरावही मी तसाच केला होता, विचारही न करता. माझ्याच हातांनी मला खोटं पाडलं होतं.

उद्या सोमवार. आता गप्प राहिले असते तर संपलं होतं.

मी दाराबाहेर आले. पदर होता डोक्यावर, पण दाराआड नव्हते. म्हणाले, "दादा, हे मी चुलीवानी थापलं. थर थर करून. तुमचा ट्रॅक्टर थापते काय?"

आजोबा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी रस्त्यावर येऊन ओरडले.

भासरे सासूबाईंकडे बघूनच बोलले. "आई, तिले म्हणा, वावरात माती मोकळीच पाहिजे."

"पिकाले पाहिजे," मी म्हटलं. "भिंतीले नाही. त्या खोलीत तुमची माय झोपणार हाय, दादा." अन् मी सुरी घेऊन परातीतला कोपरा उभा चिरला. पांढरी रेघ दिसली, खूप खाली. पायाचा कोळसा दिसला, मध्येच लोंबकळणारा.

भासऱ्यांनी वाकून त्या चिरेत बोट घातलं, पार पांढऱ्या रेघेपर्यंत. मग उठले, कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली. मला वाटलं, आता परात उडवतात. ते चपला घालून प्लॉटकडे निघाले. आजोबा मागं, त्यांच्या मागं मी. कुणी चल म्हटलं नव्हतं, कुणी राहा म्हटलं नाही.

आधी ते वरच्या अंगाला उभे राहिले, पहार मारली. खण्ण आवाज झाला, हात झिणझिणला असेल. मग नाल्याकडच्या कोपऱ्यात आले. तिथं त्यांनी पहार उचललीही नाही, नुसती टेकवून वरून दाबली. ती गेली. जातच राहिली. मुठीपर्यंत आत गेली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

ऊन डोक्यावर आलं होतं. आजोबा काही बोलू लागले तर भासऱ्यांनी हातानंच थांबवलं. अन् माझ्याकडे तोंड करून, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून विचारलं, "थर किती जाड पाहिजे, बाई?"

"एक वीत. पाणी मारून धुमसानं ठोकायचा, मंग पुढचा. अन् कोपऱ्याचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली."

"मृगाच्या आत होत नाही मंग."

"नाही होत."

ते "बरं" म्हणाले. एवढंच.

सोपं नव्हतं गं ते. सगळा भराव उपसला, पुन्हा वीत-वीत घातला, माती ठोकायच्या त्या जड धुमसाचे धपधप आवाज महिनाभर. मध्येच पाऊस लागला, काम थांबलं. तो पावसाळा सासूबाईंनी गळक्या खोलीतच काढला, दमा असा वाढला की दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा रात्र रात्र मला वाटायचं, मी बोलले नसते तर त्या कोरड्या खोलीत असत्या. त्या मात्र एकदाही तसं म्हणाल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची खाट त्या कोपऱ्यातल्या खोलीत लागली, अन् पुढं अकरा पावसाळे त्या तिथंच झोपल्या. भिंतीला केसाएवढीही चीर गेली नाही. भासरे गावाहून आले की आधी त्या भिंतीवरून हात फिरवायचे, मग मला म्हणायचे, "चहा ठेव, बाई."

तर पोरी, तुमच्या त्या चौकोनाखाली खालच्या अंगाला किती हात भराव येतो, मला सांगता येत नाही, अन् तुलाही माहीत नाही. कुदळ पडायच्या आधी ये. प्लॉटवरची पिशवीभर माती घेऊन ये, वरच्या अंगाची वेगळी, खालच्या अंगाची वेगळी. माझे गुडघे आता तिकडे चढायचे नाहीत, पण हात अजून चालतात. या महिन्यातच ये वं, लवकर ये.