कोबीच्या पानांचे खांब

आमच्या जिल्ह्यात माणसाला चेहऱ्यावरून ओळखणारे पुष्कळ आहेत. घराला ओळखणारे एकटे माझे साडू. देवळाली प्रवराला चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ माणसाचं नाव हमखास विसरतात, पण त्याच्या बंगल्याचे खांब ग्रीक होते की रोमन, हे दहा वर्षांनीही सांगतात. श्रीगोंद्याला एका ऊस बागायतदाराच्या वास्तुशांतीत त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "कमान गॉथिक, गच्ची इटालियन आणि वरची टाकी फुटबॉल." त्यानंतर त्यांच्या पानात जिलबी काही पडली नाही.

म्हणून मुलीच्या होणाऱ्या सासरचं घर पाहायला तिसगावला निघालो, तेव्हा त्यांना नेऊ नये असं माझं मत होतं. मुला-मुलीची पसंती झालेली होती, घर तेवढं पाहायचं राहिलं होतं. पण बायको म्हणाली, दाजींना वगळलं तर ताई वर्षभर बोलायची नाही. मग दोघांनाही घेतलं.

व्हायचं तेच झालं. मुलाचे वडील दारात हात जोडून उभे, आणि साडू त्यांना ओलांडून पोर्चच्या खांबापाशी. खांबाच्या माथ्यावरची नक्षी न्याहाळून म्हणाले, "कोरिंथियन. ग्रीकांची पानांची नक्षी. पण पानं चुकलीत."

वडिलांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात लग्न मोडलं.

"मीच केल्यात ती, गुरुजी," ते खाली बघत म्हणाले. "आधी गवंडी हुतो. मोबाईलवरच्या फोटूत पानं नीट दिसंनात, मग मळ्यातला कोबी म्होरं ठिवला."

गवंडीकामाची गोष्ट पाहुण्यांपुढे निघायला नको होती बहुधा. मुलाची आई घाईघाईने चहाला उठली.

साडूंनी चष्मा काढून पुसला. "चुकलीत म्हणालो, ते माझंच चुकलं. तिकडं ग्रीसमधल्या कारागिरानंही दारातलंच झाड बघितलं असणार."

मग ते दोघं तासभर जिन्यापासून गच्चीपर्यंत हिंडले. आम्ही पोहे संपवले. खाली आले तेव्हा वडिलांनी साडूंचा हात धरलेला होता आणि लग्नाची तारीख काढायची घाई आता त्यांनाच झाली होती.

परतताना मी सहज विचारलं, तुमचं घर बांधलं असतं तर कोणत्या शैलीत? साडूंचा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, हे विचारून झाल्यावर आठवलं.

"फळ्यावर पुष्कळ काढली की," ते म्हणाले. "तास संपला की पुढच्या सरांसाठी पुसायची." गाडीच्या काचेवर त्यांनी बोटानं एक गोल काढला. "एक गोल खिडकी मात्र हवी होती. मोठी नको. दोघांना शेजारी बसता येईल एवढी."

मागच्या सीटवर मेहुणी झोपली होती. निदान डोळे तरी मिटलेले होते.