जाळीमागून दिलेला आवाज

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो गेला. बहिणीपुढं दोनदा तोंड उघडलं आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बरं पडतंय. बसा जरा.

मी थेरगावची. एका शाळेत शिपाई होते. घंटा, पाणी, किल्ल्या, आणि मैदानावर फक्की मारायची — ती पांढरी पावडर हो, रेषा आखायची. रेषा आखता आखताच मला फुटबॉलचं वेड लागलं. शिकवलं कुणी नाही. रविवारी कंपन्यांच्या टीमा खेळायला यायच्या, मी कंपाउंडला टेकून बघत राहायची. घरी आले की लेकाच्या मोबाइलवर. खेळाच्या सरांना कागदपत्रांतून सवड नसायची, म्हणून मुलींची टीम हळूहळू माझ्याकडंच आली. कागदावर सर, मैदानात मावशी.

एक गोष्ट मला कळली होती, सरांनाही ठाऊक नसलेली. गोलकीपरनं दोन खांबांमध्ये तिसरा खांब होऊन राहायचं नसतं. आपल्या पोरी पुढं चढल्या की मागं केवढं रान मोकळं पडतं! त्यात लांबून बॉल आला तर कीपरनंच पेनल्टी बॉक्सच्या — गोलपुढं आखलेला चौकोन तो — बाहेर धावायचं आणि तो पायानं उडवून लावायचा. बाहेर हात लावता येत नाही ना — हात लावला की फाउल. सरावाच्या वेळी मी बॉक्सच्या रेषेपाशी फक्कीचा एक ठिपका टाकायची. टीम पुढं गेली की आमच्या कीपरनं, कोमलनं, तिथं येऊन उभं राहायचं. पण तिथून बाहेर पडायचं ते फक्त माझ्या आवाजावर. मी जाळीमागं उभी असायची, मला सगळं मैदान दिसायचं. 'आधी माझा आवाज, मग तुझे पाय' — हा आमचा नियम. तिनं तो कधी मोडला नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

कोमल बीडकडच्या घरातली, उंच, हडकुळी, बोलायला कमी. वडील चाकणला कंपनीत. ती बॉक्सबाहेर धावली की समोरच्या टीमच्या पोरी चिडवायच्या, "ए कीपर, घर उघडं टाकून बाजाराला निघालीस का?" ती ढुंकूनही बघायची नाही.

दहावी झाली तेव्हा वडिलांनी तिला साफ सांगितलं. जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली तर खेळाच्या वसतिगृहात जा, तिथंच शीक. नाही झाली तर बूट बंद. बारावी कर आणि कंपनीत लाग. निवड ठरणार होती एका सामन्यावर.

त्या दिवशी सकाळी मी ते मैदान चालून बघितलं, चपला काढून. रोलर फिरवलेलं, टणक. आमच्याकडं भुसभुशीत माती, टप्पा पडला की बॉल मरतो. इथं तो उसळणार होता. इतकी वर्षं मैदानं आखलेल्या बाईच्या तळव्यांना कळतं हे. कोमलला सांगायचं ठरवलं — आणि केळी वाटण्यात, बिल्ले लावण्यात राहून गेलं. विसरले? का मला माझ्या ठिपक्याचा जास्तच भरवसा होता?

सामना संपत आलेला, दोन्हीकडं एकही गोल नाही. आमच्या पोरी पुढं. तिकडून लांब बॉल आला, त्यांची एकच पोरगी त्याच्यामागं. कोमल रेषेपाशी थांबली होती. मी जाळीमागून ओरडले, "बाहेर!"

ती धावली. बॉलचा तिच्या पुढ्यात टप्पा पडला आणि उसळला तो तिच्या डोक्यावरून. हात वर केला असता तर सापडला असता. पण ती बॉक्सच्या बाहेर होती, म्हणून तिनं हात खालीच ठेवले. बॉल उड्या मारत माझ्यासमोर जाळीत आला. आम्ही हरलो.

निवड करणारे साहेब माझ्याकडं आले. कोमल चार पावलांवर हातमोजे काढत होती. ते म्हणाले, "मॅडम, कीपर तुम्हीच तयार केलीत ना? ही अशी मनानंच बाहेर येते का?"

मॅडम. उभ्या जन्मात मला कुणी मॅडम म्हणालं नव्हतं.

मी म्हटलं, "हो साहेब. सांगून ऐकत नाही."

त्यांनी वहीत काहीतरी खोडलं.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं हाच वाटायचा — म्हणजे मी तसं वाटून घेत होते. पण खरं पुढंच आहे.

परत येताना टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली. रडली नाही. डांगे चौक आल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही आवाज दिला होता ना?"

तक्रार नव्हती हो ती. पोरगी खरंच विचारत होती. तेव्हा साहेब नव्हते, सर नव्हते, मॅडम म्हणणारं कुणी नव्हतं. हो म्हणायला माझं काय जाणार होतं?

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "नाही गं बाळा. तुला भास झाला असेल."

ती मान हलवून म्हणाली, "असेल."

याला आता आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात ती मला चौकातच भेटली, कंपनीच्या निळ्या ड्रेसात, बसची वाट बघत. सोबतच्या मैत्रिणीला म्हणाली, ह्या मावशींनी मला खेळ शिकवला. मैत्रीण हसली, "तू आणि कीपर? डबा तरी धरता येतो का तुला?" कोमलही हसली. म्हणाली, "मावशींची चूक नाही बाई. माझेच कान तसले."

मी तिथंच उभी होते. कुठली शिफ्ट आहे, एवढंच विचारलं.

तेवढ्यात बस लागली. मैत्रिणीनं दारातून हाक मारली, चांगली खणखणीत, मलासुद्धा ऐकू आली. कोमल जागची हलली नाही. माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "मावशी, मला बोलावलं का तिनं?"

मी म्हटलं, हो गं, तुलाच.

त्या दिवशीही तिला बोलावलं होतं. मी बोलावलं होतं.