चांदीची अर्धी रेघ

दुकान उघडलं की रवी आधी भिंग पुसायचा, मग चष्मा. मोबाइलची सुटी बॅटरी काउंटरवर भिंगरीसारखी फिरवायचा. फिरली तर फुगलेली, लगेच बाजूला. बारीक काम करताना श्वास रोखायचा. काम झालं की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचा, भाजीत मीठ टाकल्यासारखा.

रिसोडच्या बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एम.ए. झाल्यापासून माझी दुपार तिथंच जायची.

त्या दिवशी भिंगाखाली बेबीबाईचं साखर मोजायचं मशीन होतं. बेबीबाई पलीकडे भाजी विकते. इन्सुलिन किती घ्यायचं, ते मशीन बघून ठरवते. सेल गळून आतली तांब्याची रेघ तुटली होती. रवी तिथं चांदीची शाई भरत होता. चांदीचे नॅनो कण, डोळ्यांना न दिसणारे. शाईसारखे वाहतात, सुकले की त्यांतून वीज जाते.

तेवढ्यात जऊळक्याचा रतनसिंग आला. फोन तापत होता, बस लागली होती.

"जल्दी कर ना बे, बस चालली."

रवीनं रेघ अर्ध्यात सोडली. या फोनची बॅटरी आत चिकटवलेली. ती फिरवून बघता येत नाही. ती सोडवायला त्यानं कडेनं पातं घातलं. फुस्स आवाज झाला आणि जाळ थेट उजव्या हातावर आला.

वाशिमला डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा आणि तर्जनी खोल भाजली आहेत. पू हाडापर्यंत गेला तर शेंडे कापावे लागतील. नर्सनं करड्या रंगाची पट्टी गुंडाळली. पट्टीत चांदीचे बारीक कण आहेत, त्यांनी जंतू वाढत नाहीत, असं ती म्हणाली.

रवी हसला. "मंजे माह्या दुकानातली चांदी मलेच लावून राह्यले."

मग ताप चढला. पट्टी उघडायची नव्हती, पू झाला तर वासावरूनच कळणार होतं. त्याची बायको सरिता रोज सकाळी वाकून पट्टीचा वास घ्यायची. तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

"येते का वास?"

"नाही येत."

एवढं सांगून ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची.

ताप उतरला. पट्टी सुटली. पू नव्हता, खाली गुलाबी कातडी आली होती. बोटं वाचली.

"चिमटा धरता येईन ना?" रवीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, हलवून बघा. अंगठा आणि तर्जनी जवळ आली आणि थांबली. व्यायाम करा, डॉक्टर म्हणाले.

आता सरिता त्याच्यापुढं सोयाबीनची ताटली ठेवते. एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा. दाणा निसटतो, घरंगळतो. परवा मी एक उचलायला वाकलो.

"राहू दे," तो म्हणाला. "तो माहा हाये."

बेबीबाई साखर तपासायला सरकारी दवाखान्यात जाते. मशीन दुसऱ्याकडं द्यायला तयार नाही. तोच करन, म्हणते.

दुकानाची चावी माझ्याकडं आहे. मी भिंग पुसतो, बाकी कशाला हात लावत नाही. खाली मशीन उघडंच आहे. चांदीची रेघ एका टोकाकडून निघाली आहे. दुसऱ्या टोकाला अजून लागलेली नाही.