चांगल्या फोटोत काहीच दिसत नाही

पाण्याच्या बंबाच्या तळाला पांढरा थर धरतो ना, तसे एक्स-रे खात्यात किस्से धरतात. रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षात न येता. मग एक दिवस तुम्ही रिटायर होता, चार मैत्रिणींबरोबर चहाला बसता आणि लक्षात येतं, अरे बापरे, हे सगळं खरवडायचं राहिलंच की!

तर ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं हॉस्पिटल मुलुंडला. खात्यात आम्ही तीन माणसं. फोटो काढायला मी, डार्करूममध्ये फिल्म धुवायला शिर्के आणि रिपोर्ट द्यायला कारखानीस सर. पेशंट मला सिस्टर म्हणायचे. मी नर्स नव्हते, पण ते सांगून सांगून थकले आणि शेवटी सोडून दिलं.

किडनी बदलायची वाट बघणारे पेशंट आमच्याकडे ओटीपोटाच्या फोटोसाठी यायचे. नवी किडनी तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला शिवतात. ती रक्तवाहिनी मऊ हवी. किडनीच्या आजारात तिच्यात कॅल्शियम साचतं, ती कडक होते, मग सर्जनची सुई आत जात नाही. मऊ रक्तवाहिनी एक्स-रेत दिसतच नाही. कडक झालेली मात्र पांढऱ्या रुळांसारखी स्पष्ट दिसते. थोडक्यात, ज्या फोटोत काही दिसत नाही तो चांगला फोटो.

हे लोकांना पटवून सांगणं म्हणजे डोकेफोड!

*

एकदा एका पेशंटचा मेहुणा फोटो घेऊन तावातावाने परत आला. बोरिवलीचा माणूस, आवाज मोठा.

"ओ सिस्टर, ह्यात रक्तवाहिनी कुठाय? नुसती हाडं आलीत! परत काढा!"

मी दोनदा समजावलं. तो ऐकेना. "आम्ही काय येडे आहोत काय? अर्धा दिवस बसवलंत आणि हे?"

आतून कारखानीस सर बाहेर आले. सर कधी आवाज चढवत नसत, त्यांना तेवढी ताकदच नसायची. त्यांनी फोटो हातात घेतला, परत दिला आणि म्हणाले, "घरी जा आणि देवापुढे ठेवा. जे दिसत नाहीये ना, त्याला हार घाला."

*

करगोट्याचा किस्सा तर आमच्या खात्यात अमर झाला.

दहिसरचा एक पेशंट. टेबलावर घ्यायच्या आधी मी नेहमीप्रमाणे विचारलं, "अंगावर धातूचं काही आहे का? साखळी, चावी, अंगठी?" म्हणाला, काही नाही. फोटो काढला. फिल्म ओलीच होती, तेवढ्यात वॉर्डातला नवा डॉक्टर येऊन घाईघाईत घेऊन गेला. अर्ध्या तासाने बघते तर पॅसेजमध्ये पेशंटची बायको रडतेय. डॉक्टरने सांगून टाकलं होतं, रक्तवाहिनी इकडून तिकडे पूर्ण कडक झालीय, ऑपरेशन कठीण आहे.

सरांनी फिल्म मागवली. दिव्यासमोर धरली. मग त्या नव्या डॉक्टरला जवळ बोलावून विचारलं, "मला सांगा, रक्तवाहिनीला गाठ मारलेली कधी पाहिलीयत? आणि पुढे घुंगरू लावलेलं?"

कमरेला बांधलेला चांदीचा करगोटा होता! मी पेशंटवर भडकले. "अहो, विचारलं होतं ना तुम्हाला?"

तो बिचारा गोंधळून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही अंगावर घातलेलं विचारलंत. करगोटा कुठे घातलाय? तो तर असतोच!"

त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पुढे मी प्रत्येक पुरुषाला आधी करगोटा विचारायचे. अंधेरीचे एक निवृत्त हेडमास्तर तर इतके लाजले, की फोटो न काढताच निघून गेले.

*

हेमंत आमच्याकडे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. घाटकोपरला राहायचा, लेथवर काम करायचा. वडील गिरणीत होते, संप झाला आणि ते कुडाळकडे गावी गेले, ते तिकडेच राहिले. इथे तो आणि त्याची आई. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आईची किडनी जुळली होती, तारीख तेवढी मिळायची होती.

त्याचा पहिला फोटो तीनदा काढावा लागला. पहिल्यांदा त्याने रोखलेला श्वास मधेच सोडला आणि फोटो हलला. दुसऱ्यांदा शिर्के आत फिल्म धूत असताना कुणीतरी डार्करूमचं दार उघडलं आणि उजेड लागून फिल्म काळी ठिक्कर! पोट साफ व्हायला आदल्या दिवशी एरंडेल घेतलेलं, सकाळपासून पोटात अन्न नाही आणि आमचं ते थंडगार टेबल.

तिसऱ्यांदा झोपवताना मलाच कसंतरी झालं. सॉरी म्हणाले तर हेमंत म्हणाला, "राहू द्या सिस्टर. फक्त ह्या टेबलाचं रेशनकार्ड काढा, माझं नाव चढवून टाका!"

फोटो स्वच्छ आला. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

*

शिर्के म्हणजे अत्यंत तुसडा माणूस. दिवसभर अंधारात राहून त्याला माणसांचा कंटाळा आला होता. फिल्म शेवटी वाहत्या पाण्यात धुवावी लागते, नाहीतर काही दिवसांनी पिवळी पडते. त्या धुण्याच्या टाकीचा नळ पेशंटच्या बाकड्यामागेच होता, सतत वाहायचा. डायलिसिसच्या दिवशी नंबर लागेपर्यंत हेमंत त्याच बाकड्यावर बसायचा.

मध्यंतरी सरांना काही फोटो पिवळे पडलेले दिसले. बघितलं तर सगळे हेमंत आला होता त्या दिवसांचे. सरांनी शिर्केला बोलावलं. "काय हो, धुता की नुसतं दाखवता?"

शिर्के एकदम उखडला. "त्या पोराला दिवसाला दोनच ग्लास पाणी पिऊ देतात, साहेब. तो बाकड्यावर बसून नळाचा आवाज ऐकत राहतो. तो असला की मी नळ बंद करतो. फिल्म पिवळी पडली तर पडू दे ना, वाट लागली तर लागली!"

दुसऱ्या दिवसापासून हेमंतचं बाकडं आमच्या खोलीच्या बाहेर, पार जिन्यापाशी गेलं. उचलून नेलं कुणी? सरांनी आणि शिर्केने मिळून!

*

मग हेमंतला कावीळ झाली. डायलिसिसवाल्यांना तेव्हा सर्रास व्हायची. ऑपरेशन पुढे गेलं, मग आणखी पुढे. मधे पुन्हा फोटो सांगितला. ह्या वेळी उजव्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ आली.

टेक्निशियनने पेशंटला काही सांगायचं नाही, असा नियम. आम्हाला एकच वाक्य शिकवलेलं, "डॉक्टर सांगतील." मी फिल्म बघून बाहेर आले. त्याची आई दारातच उभी. मी तेच वाक्य अगदी बिनचूक म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, फोटो बघून तुमी चष्मो पुसलात. आता डाक्टराक मी कित्याक विचारू?"

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. नोकरी सोडावी असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. सोडली नाही, ती गोष्ट वेगळी.

*

कावीळ उतरून, अंगात थोडी ताकद येऊन शेवटी ऑपरेशन ठरायची वेळ आली, तेव्हा पुन्हा फोटो काढला. दोन्ही बाजूंना रूळ. जाड, वरपासून खालपर्यंत. सर्जन खाली येऊन स्वतः बघून गेले. "आईची किडनी फर्स्ट क्लास आहे हो, पण मी ती शिवू कुठे?" एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले.

आईला सांगायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. हेमंत तेव्हा वर डायलिसिसवर होता. किडनी देणार म्हणून आईचाही फोटो काढलेला होताच. सरांनी दोन्ही फोटो दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. मी दाराशी उभी, शिर्के हात पुसत माझ्या मागे.

सर हळूहळू सांगत होते. "हा तुमचा. छप्पन्न वर्षांच्या आहात, पण तुमच्या रक्ताच्या नळ्या एकदम मऊ, तरण्या. आणि हा हेमंतचा. ह्या पांढऱ्या रेघा बघा. म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झाल्यात. तुमची किडनी चांगली आहे. पण ती जोडायला ह्याच्याकडे नळीच चांगली उरली नाही."

ती माऊली रडली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने दोन्ही फोटो नीट बघितले, आधी मुलाचा, मग स्वतःचा. स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं आणि सरांकडे वळली.

"मगे डाक्टरानू, नळी पण माझीच घेवा. माका खंय लागता आता!"