गुडघ्यामागची दोरी

एरंडेलाचा वास आला की मल्लखांबाचा तेल लावलेला खांब आठवतो. त्यावर डोकं खाली करून लटकताना गुडघ्यामागे कट्कन वाजलं आणि मी खाली पडले. माधव नगरचे हिंदीभाषी डॉक्टर एमआरआय बघून म्हणाले, मांडीच्या स्नायूची एक दोरी तुटलीय, पण ऑपरेशन नको, व्यायामाने भागेल. वर म्हणाले, “ये तो हम खुद निकाल लेते हैं, दूसरी नस बनाने के लिए.” म्हणजे गुडघ्यातली दुसरी दोरी तुटली की ती नव्याने बनवायला हीच दोरी ते मुद्दाम काढून घेतात. बाबांचा चेहरा बदलला. ऑटोत बसल्यावर म्हणाले, “ऑपरेशनला नाही म्हणतोय, काहीतरी गडबड आहे. कामाची नव्हती, तर देवाने दिली कशाला?” मलाही ते पटलं. तरी व्यायाम केला आणि काही महिन्यांनी पुन्हा खांबावर चढले. आता मोठी झाल्यावर मल्लखांब सुटला, पण जिना उतरताना बाबा अजून मला पुढे जाऊ देतात आणि मागून माझा पाय बघत उतरतात.