भोवतीचा माणूस

एका शब्दावर अख्खं आयुष्य काढणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या वरच्या मजल्यावरचे तेलुगू काका. जन्म वरंगलचा, नोकरी नागपूरची, बोलणं अस्सल नागपुरी. पण लाड सगळा एका तेलुगू शब्दाचा, चुट्टम. "चुट्टम म्हणजे नातेवाईक. अन् चुट्टू म्हणजे भोवती. जो भोवती राहते, तो नातेवाईक. यात रक्त कुठं आलं गा?" हे त्यांनी खांद्यावर सिलिंडर घेतलेल्या माणसाला जिन्यातच थांबवून ऐकवलं होतं. वर पुन्हा, चुट्टू म्हणजे गुंडाळणंही, अन् तंबाखूचं पान गुंडाळतात म्हणून चुरूटाला चुट्टा म्हणतात, हेही. तो घामाघूम. म्हणाला, "सिलिंडर ठेवू द्या ना काकाजी, मंग गुंडाळा!" माझ्या मुलीच्या लग्नात 'घरच्यांचा फोटो' असा पुकारा झाला, तेव्हा काका जनरेटरवाल्याला हाताला धरून घेऊन आले. व्याही अजून विचारतात, तो निळ्या शर्टातला तुमचा कोण?

रोज संध्याकाळी ते इमारतीला फेऱ्या मारत आणि सोबत येईल त्याला चुट्टम करून टाकत. मलाही हाक असायची. मी म्हणायचो, गुडघा दुखतो. आज सांगून टाकतो, गुडघा ठणठणीत होता. कुणी फार जवळ आलं की माझी वाचाच बसते, एवढंच.

मागे काका पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. वरंगलहून पुतण्या न्यायला आला. "यहाँ इनका अपना कौन है?" त्यानं मलाच विचारलं. मी गुडघा चोळायला लागलो.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं काकांना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं. मी खाली उतरलो आणि त्या खुर्चीभोवती चालायला लागलो.

"काय करून राहिला गा?"

"फेरी मारून राहिलो."

"अन् गुडघा?"

"खोटा होता. काका, जाऊ नका. मी आहे ना इथं."

त्यांची मान माझ्यामागे फिरत राहिली. मग म्हणाले, "हे सांगाले इतका उशीर काहून लावला? पोरानं तिकीट काढलं ना." आणि डोळे पुसत, "बस आता. मले चक्कर येऊन राहिली."

सकाळी ते वरंगलला गेले. खुर्ची अजून अंगणातच आहे. कुणी उचलत नाही. दूधवाला, सिलिंडरवाला, सगळे तिला वळसा घालून जातात. मीही घालतो. संध्याकाळी जरा जास्तच.